राघू-मैना नसलेली भिंत

मावळात मार्गशीर्षात कुणी घराच्या दर्शनी भिंतीला चुना दिला, की कारण विचारायचं नसतं. तारीख विचारायची असते.

दिवाळीचा चुना दिवाळीला. त्यानंतर भाताची झोडणी होते, पेंढा रचला जातो, आणि मग मधेच एखाद्या घराची पुढची भिंत पांढरीफटक झाली, म्हणजे त्या घरात लग्न आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. त्या पांढऱ्यावर कावेचे लाल पट्टे येतात, कळस येतो, केळीचे खुंट येतात. वर नवरा-नवरीची नावं, आणि नावांच्या दोन्ही अंगांना चोचीला चोच लावून बसलेले राघू-मैना. गणपती काढायचा की बुद्ध, ‘शुभविवाह’ लिहायचं की ‘मंगल परिणय’, हे ज्या त्या घरावर. राघू-मैना मात्र सगळीकडे लागतात.

पंचक्रोशीतले बरेचसे राघू-मैना भाजे गावच्या प्रतीक्षाच्या हातचे. फ्लेक्स आले, त्यावर नवरा-नवरीचे गॉगलवाले फोटो आले, तरी भिंत रंगवल्याशिवाय लग्नघर लग्नघर वाटत नाही असं म्हणणारी माणसं अजून शिल्लक होती, आणि त्यांच्यावर तिचं बरं चाललं होतं. वय चौतीस. लग्न नाही. लोक म्हणायचे, जगाच्या जोड्या भिंतीवर लावते आणि स्वतःची लावायची विसरली.

त्या दिवशी ती शिरगावच्या बाजूची एक भिंत उरकून कैलासच्या टेम्पोतून परत येत होती. कैलास तिच्याच गावचा, नंदाबाईंचा एकुलता एक मुलगा. घरची भातशेती होती आणि जोडीला हा टेम्पो. गेली कित्येक वर्षं शिडी, डबे, ब्रश आणि प्रतीक्षा यांची वाहतूक तोच करत होता. दोघांच्या मधे अर्धी खाल्लेली भेळ होती. गावात शिरताच त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि भेळ खाली सांडली.

“आगं, तुमच्यात कुनाचं लगीन हाय?”

समोर तिचंच घर होतं. भिंत पांढरी, अजून ओली. आणि भिंतीपुढे केरबा, तिचा बाप. जन्मभर रेल्वेत गँगमन म्हणून रूळ सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस भुवयांपासून नखांपर्यंत चुन्यानं माखून उभा होता आणि हसत होता. आई, म्हणजे शालन, गेल्यापासून तो असा हसला नव्हता. म्हणूनच प्रतीक्षा घाईनं टेम्पोतून उतरली.

त्या घरात माणसं दोनच. थोरला राजेंद्र तळेगावला कंपनीत होता, त्याचं लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली होती. म्हणजे आता लग्न व्हायचं तर या दोघांपैकी एकाचं, आणि केरबा सत्तरी ओलांडलेला.

“आबा, हे काय केलं तुमी?”

“हातपाय धू आदी. सांगतो की.”

सांगायची वेळ आलीच नाही, कारण मागून नंदाबाई आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात ताट, ताटात नारळ आणि साखर. त्यांनी चिमूटभर साखर प्रतीक्षाच्या तोंडात घातली आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. टेम्पोतून शिडी उतरवणारा कैलास शिडी अर्धवट धरून तसाच उभा राहिला.

“आता काय लपवायचं न्हाई,” नंदाबाई म्हणाल्या. “केरबाभाऊ आलते माझ्याकडं. समदं बोलनं झालंय. तुमी दोगं उगा भीत व्हता.”

झालं होतं ते असं. केरबानं आपल्या मनाशी गणित मांडलं होतं. पोरगी आलेलं प्रत्येक स्थळ नाकारते. कैलासचंही कुठं जमत नाही. दोघं रोज एका टेम्पोतून जातात, एका डब्यातलं खातात, एकमेकांवर खेकसतात. मग लग्न का करत नाहीत? तर आपण बौद्ध आणि ते मराठे, म्हणून भीत असतील बिचारी. आपल्यापायी पोरगी म्हातारी व्हायला लागली. एवढं सुचल्यावर त्याला झोप लागेना. नंदाबाईंच्या दारात हे बोलायला जायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. लहानपणी त्याच अंगणात तो बापाबरोबर लाकडं फोडायला जायचा आणि अंगणाच्या पुढे कधी गेला नव्हता. दोनदा तर तो वाटेवरच्या पिंपळापर्यंत जाऊन माघारी आला. तिसऱ्यांदा गेला तो थेट दारात उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला.

नंदाबाईंनी त्याला हाकललं नाही. त्या रडल्या, दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, आणि मग निरोप पाठवून त्याला बोलावून घेतलं. आतल्या घरात खुर्चीवर बसवलं, घरच्या कपात चहा दिला. म्हणाल्या, “जात घिऊन काय चाटायचीय का, केरबाभाऊ? पोरं सुखात ऱ्हाऊ द्या.”

पिढ्यान्‌पिढ्यांची भिंत दोन म्हाताऱ्यांनी मिळून पाडली होती, आणि पलीकडं कुणीच उभं नव्हतं.

प्रतीक्षाला वाटलं, या दोघांच्या पाया पडावं. त्याच वेळी असंही वाटलं, की इथून जी पळत सुटावं ती मळवली स्टेशन गाठून दिसेल त्या गाडीत बसावं. तोंडात साखर विरघळत होती. तोंडात साखर असताना ‘नाही’ म्हणणं फार अवघड असतं.

“आई, घरला चल,” कैलास म्हणाला.

“आगं बाई, लाजला!” नंदाबाई म्हणाल्या.

*

खरं म्हणजे कैलासनं कधीच विचारलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, कार्ल्याकडच्या एका भिंतीवर ती मोर काढत होती आणि तो खाली शिडी धरून उभा होता. “आपनच का करत न्हाई गं?” असं त्यानं पिसाऱ्याकडे बघत विचारलं होतं. ती खाली उतरली होती. खोटं बोलणं तिला जमलं असतं, पण याच्याशी नको वाटलं. “माझ्यात ते न्हाईच, कैलास,” ती म्हणाली होती. “तुझ्याबद्दल न्हाई असं न्हाई. कुनाबद्दलच न्हाई.” तो रुसला. महिनाभर दुसऱ्यांची वाळू वाहिली. मग एक दिवस सकाळी टेम्पो दारात. “शिडी कोन धरतंय तुझी?” एवढंच म्हणाला, आणि तो विषय संपला तो संपला.

आपल्यात ते नाही, हे प्रतीक्षाला सोळाव्या वर्षीच कळलं होतं. मैत्रिणी कुणाच्या तरी नावानं लाल व्हायच्या, तेव्हा ती वाट बघायची की आपलं कधी होणार. झालं नाही. लग्नाच्या मांडवात तिला सगळं आवडे: वाजप, पंगत, नवरीचं सजणं. नवरी निघाली की तिचेही डोळे भरत. पण हे आपलं व्हावं असं एकदाही वाटलं नाही. आधी वाटलं आपण दगड आहोत. मग फोनवर पुण्याच्या काही पोरापोरींचा एक गट सापडला आणि त्यांच्याकडून कळलं, की अशी माणसं असतात, पुष्कळ असतात, आणि त्यांना एक नावसुद्धा आहे: अरोमँटिक. त्या दिवशी ती धरणाच्या काठी बसून मनसोक्त रडली होती. रडणं दुःखाचं नव्हतं. आपण एकटेच नाही म्हणून ती रडली.

त्या गटानं एकदा ठरवलं, आपलं काहीतरी चिन्ह हवं, एखादा प्राणी. प्रतीक्षा चित्रकार, म्हणून काम तिच्या गळ्यात. आणि तिथून पंचाईत सुरू झाली. हंस आधीच बाद. पेंग्विन म्हणावं तर तो म्हणे आपल्या मादीला छानसा दगड शोधून आणून देतो. समुद्रघोडे शेपटीत शेपटी गुंफून नाचतात. लांडगा एकटा असतो असं एकजण छातीठोकपणे म्हणाला, तर दुसऱ्यानं माहिती काढली की तो जन्मभर एका मादीशी संसार करतो. ऑक्टोपस एकटा राहतो, पण एकदा जोडी जमली की नर बिचारा त्यातच जीव देतो. देवानं झाडून सगळी जनावरं प्रेमात पाडून ठेवली होती. शेवटी कुणीतरी अमिबा सुचवला आणि प्रतीक्षानं फोन पालथा ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा परसात चाफ्याखाली तांदळाच्या कण्या टाकत होता. हा त्याचा निवृत्तीनंतरचा रोजचा उद्योग. सातभाई पाखरांचा एक थवा रोज यायचा. मातकट रंगाची, कायम कुणावर तरी चिडल्यासारखा चेहरा असलेली ही पाखरं पाचोळा उलथत, एकमेकांशी कचाकचा भांडत नाचायची. त्यातला एक लंगडा होता. त्याच्या पुढ्यात केरबा मूठभर जास्त टाकायचा.

“आबा, मला कैलासशी लगीन करायचं न्हाई.”

“जातीचं म्हनतीस? त्ये मिटलंय.”

“जातीचं न्हाई.”

“मग दुसरा कुनी हाय का?”

“न्हाई.”

“कुनी फशिवलं का तुला?” केरबाचा आवाज बारीक झाला. “सांग मला. मी काय म्हननार न्हाई.”

“कुनीच फशिवलं न्हाई, आबा. कुनी नव्हतंच कवा.” ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. “समद्यांना जे हुतं ना, कुनाला तरी बघून, ते मला हुतच न्हाई. मी लय वाट बघितली. न्हाई झालं. लगीन केलं तर समोरच्याला फशिवल्यागत हुईल, आन्‌ मीबी मनातनं आटून जाईन.”

केरबानं वाटीतल्या उरलेल्या कण्या लंगड्यापुढे झटकल्या. मग म्हणाला, “डाक्टरला दावायचं का?”

“दुखत असतं तर दावलं असतं.”

“आन्‌ कैलास?”

“तो माझा मैतर हाय. लय जवळचा. पन तसा न्हाई.”

“म्हंजी मी उगाच गेलतो तितं,” केरबा म्हणाला. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो नुसता हातातल्या रिकाम्या वाटीकडे बघत होता. तिला पिंपळापासून दोनदा माघारी फिरलेला तो दिसला आणि तिला हुंदका आवरेना.

“उगाच न्हाई, आबा. माझ्यासाठी असं कुनी कवा केलं न्हाई.”

“मला तुज्या लग्नाची हौस न्हवती गं पोरी,” तो उठता उठता म्हणाला. “माज्या मागं तुजं कोन, एवढंच व्हतं मनात. त्येचं तू सांग मला. मग मी काय बोलनार न्हाई.”

राजेंद्र आहे, असं ती म्हणायला गेली, पण दिवाळीला एक दिवस येणाऱ्या भावाचं नाव तिच्याच जिभेवर अडलं. केरबानं टोपी घातली आणि तो मळवली स्टेशनच्या बाकावर जाऊन बसला, जिथं जुने गँगमन जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवत बसत.

*

भिंत तशीच पांढरी राहिली, आणि पांढरी भिंत गप्प बसत नाही. दूधवाल्यानं तारीख विचारली. वाण्यानं विचारली. लेण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबू-सरबत विकणाऱ्या बाया हाक मारून विचारू लागल्या, “पर्तिक्षा, हळद कवा गं?” कधी खोटं न बोललेला केरबा “ठरतंय, ठरतंय” म्हणत खाली मान घालून जाऊ लागला. भिंतीवर पुन्हा रंग फिरवून चुना झाकावा, तर त्याचा अर्थ आणखी वाईट. चुना दिलेली भिंत झाकली म्हणजे लग्न मोडलं. आणि मोडलेलं लग्न पोरीच्या नावाला कसं चिकटतं हे काय कुणाला सांगायला हवं?

बापाचं हसणं गेलं ते गेलंच. जेवताना तो ताटाकडे बघून जेवायचा. प्रतीक्षाच्या मनात यायला लागलं, करून टाकावं का लग्न? कैलास वाईट नाही. बाप सुखानं डोळे मिटेल. माणसं याहून कमी कारणांसाठी जन्म काढतात. हा विचार तिनं टेम्पोत बोलून दाखवला, तेव्हा कैलासनं गाडी बाजूला घेतली.

“बापावर उपकार म्हनून माझ्याशी लगीन करनार? मला काय इज्जत हाय का न्हाई?” तो खरंच चिडला होता. “तूच आबांना म्हनलीस ना, समोरच्याला फशिवल्यागत हुईल? मग मी समोरचाच की. आज मीच सांगतो समद्यांना.”

आणि त्यानं सांगितलं. त्याच संध्याकाळी नंदाबाई तरातरा केरबाच्या दारात आल्या. मागे कैलास होताच. प्रतीक्षा भिंतीपुढच्या ओट्यावर बसली होती, केरबा उंबऱ्यात.

“आमी रडून रडून मन मोठं केलं,” नंदाबाई कडाडल्या, “आन्‌ आता म्हनतीस नकोच व्हतं? मग ह्ये मोठं केल्यालं मन ठिवू कुटं मी?”

“ऱ्हाऊ दे तसंच,” कैलास म्हणाला. “मला पोरगी बगताना कामाला यील. आन्‌ हिला काय बोलू नगंस. मी कवाच इचारलं व्हतं. ती न्हाई म्हनली. मी काय मेलो न्हाई, आन्‌ तिची शिडीबी सोडली न्हाई.”

केरबानं मान वर केली. हे त्याला नवीन होतं. त्यानं कैलासकडे असं पाहिलं, जसं रुळाचा सांधा नीट बसलाय का ते बघावं.

नंदाबाई ओट्यावर टेकल्या. प्रतीक्षा आत जाऊन पाणी घेऊन आली. पाणी पिऊन त्या निवल्या. मग तिच्याकडे बघत हळू म्हणाल्या, “आगं, माझं लगीन झालं तवा मला कुनी इचारलं न्हाई, तुला काय वाटतंय का म्हनून. आन्‌ वाटत व्हतं का न्हाई, ते मला आजूनबी सांगता यायचं न्हाई. मानूस बरा व्हता. संसार झाला.” त्यांनी प्रतीक्षाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुला सांगता येतंय, तर सांगावं मानसानं.”

प्रतीक्षानं तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

“समदं खरं,” केरबा म्हणाला, “पन ह्या भिंतीचं काय?”

चौघंही भिंतीकडे बघू लागली.

“काढ कायतरी,” कैलास म्हणाला. “नुस्तं चित्र काढ. लग्नाचं न्हाई, साधं. म्हंजी झाकल्यागतबी हुनार न्हाई.”

“मोर काढ,” नंदाबाई म्हणाल्या.

“मोर पिसारा कशापायी फुलवतो, मावशी?”

“मग बदकं. धरनावर थंडीत येत्यात ती भगवी.”

“ती चक्रवाक. जोडीनं येत्यात. रात्री ताटातूट झाली तर एकमेकांना हाका मारत रडत्यात, आसं पोथीपुराणात लिहून ठिवलंय.”

“धनेश काढ की,” कैलास म्हणाला, आणि स्वतःच जीभ चावली. विसापूरच्या उतारावर उंबराच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो, हे त्यानंच प्रतीक्षाला दाखवलं होतं. एवढा नवरेपणा माणसांतही दिसत नाही.

“कुत्रं काढ,” केरबा म्हणाला. “आपल्या गावचं गडावर जानारं. येईल त्या पावन्याबरूबर वर जातं, बिस्कूट खातं, माघारी यून आपल्या जागी झोपतं. कुनाच्या अध्यात न्हाई.”

प्रतीक्षाला ते मनापासून पटलं. पण नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. “आवं केरबाभाऊ, भादव्यात बगितलंय का कुत्र्याला?”

आणि केरबा हसला. चुना दिला त्या दिवसानंतर पहिल्यांदा, खो खो, खोकला येईपर्यंत. मग सगळीच हसली. मांजराचंही तसंच निघालं. म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा कैलासला आवडला, पण नंदाबाई म्हणाल्या, दोघं दिसली की लोक त्यांचंही लग्न लावतील. शेवटी प्रतीक्षानं म्हटलं, नुसती एक म्हैस काढते.

“एक नगं,” केरबा पटकन म्हणाला. “एक काढलं की म्हनत्यात, एकटी ऱ्हायली. दोन काढली की म्हनत्यात जोडी.” तो विचार करत थांबला. “मग लय काढ की.”

परसात त्याच वेळी कचकच सुरू झाली. झोपायच्या आधीची सातभायांची रोजची भांडणं. चाफ्याच्या एका फांदीवर सगळ्यांना बसायचं होतं आणि प्रत्येकाला मधे बसायचं होतं. प्रतीक्षानं मान वळवून ऐकलं. इतकी वर्षं ती पाखरं तिच्या परसात होती आणि तिनं त्यांच्याकडे चित्रकार म्हणून कधी बघितलं नव्हतं. कोण बघणार? ना रंग, ना तुरा, ना गळा.

*

सकाळी तिनं काव कालवली, पिवळी माती कालवली, चुलीवरची काजळी घेतली. हिरव्या आणि गुलाबी रंगाचे डबे उघडलेच नाहीत. कडेनं नेहमीचे कावेचे पट्टे मारून तिनं भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब फांदी ओढली आणि तिच्यावर सातभाई बसवायला सुरुवात केली. एकमेकांना खेटलेले, ढकलणारे, एकमेकांच्या मानेतल्या उवा काढणारे, एक फांदीवरून पडता पडता सावरणारा. नाव सातभाई, पण मोजायला गेलं तर ते कधी सात नसतात. म्हणून तिनं मोजलं नाही.

कैलास शिडी धरून उभा होता आणि वरून रंग डोक्यावर पडला की शिव्या घालत होता. नंदाबाईंनी भाकरी आणि झुणका आणून फडक्याखाली झाकून ठेवला होता आणि “तो चौथा जरा जाडा झाला बघ” अशा सूचना करत होत्या. शाळा सुटलेली पोरं जमली होती. त्यांना प्रत्येकाला एकेक पाखरू आपलं म्हणून हवं होतं. सरबतवाल्या बायांपैकी दोघी डोक्यावर पाट्या घेऊनच थांबल्या होत्या. “पर्तिक्षा, वाईच खाऊन घे आदी” असं एकीनं दोनदा म्हटलं, तरी ती खाली येईना, तेव्हा बाईनं लिंबाचं पाणी शिडीवर पाठवून दिलं.

केरबा ओट्याच्या कडेला बसला होता. खरे सातभाई कोपऱ्यातल्या पेंढ्यापाशी उतरले होते. त्यांच्यातलं एक अर्धंमोठं पिल्लू पंख थरथरवत, आ करून ओरडत होतं. एकानं येऊन त्याच्या चोचीत अळी कोंबली. तो उडाला, तर दुसरा आला. मग तो लंगडा आला.

“आबा, त्यातली आई कंची?” एका पोरानं विचारलं.

“कुनाला ठावं!” केरबा म्हणाला. “मी रोज बगतो, मलाबी वळखू येत न्हाई. पिल्लू एकीचं, घास समद्यांचा. ह्यातल्या समद्यांनी काय जोड्या लावल्यात असं न्हाई बरं का. त्यो लंगडा बग, नुस्ताच ऱ्हातो. पन थंडीत त्येला मधी घिऊन बसत्यात.”

पोरानं आणखी काहीतरी विचारलं, ते त्यानं ऐकलं नाही. तो वर बघत होता. वर शिडीवर त्याची पोरगी होती, तोंडावर कावेचा फराटा ओढलेली. शिडी धरलेला कैलास, फडक्यावर बसणारी माशी हाकलणाऱ्या नंदाबाई, रिकामा ग्लास परत मागणारी सरबतवाली, सगळ्यांकडे तो सावकाश बघत गेला. प्रतीक्षाला वरून ते दिसलं. तिचा हात थांबला. त्यानं चाफ्याखाली विचारलेला प्रश्न तिला रोज टोचत होता, आणि आत्ता त्यालाही तोच आठवतोय हे तिला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. केरबानं उपरण्यानं नाक पुसलं.

“त्या लंगड्यालाबी काढ गं,” तो जरा वेळानं म्हणाला. “मधी घे.”

तिनं लंगड्याला मधोमध बसवलं. मग वरची जागा उरली. जिथं नावं लिहितात ती.

“हितं काय लिहू, आबा?”

“तुजं नाव लिव्ह.”

“नुस्तं?”

“नुस्तं कशाला? पुरं लिव्ह. आईचंबी घाल.”

तिनं तिच्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, लग्नाच्या भिंतीवर असतं तेवढंच मोठं, लिहिलं: प्रतीक्षा शालन केरबा. खाली उतरून तिनं फोनवर भिंतीचा फोटो काढला आणि पुण्याच्या गटाला पाठवला. ‘प्राणी सापडला,’ एवढंच त्याखाली लिहिलं.

संध्याकाळी मळवलीहून हौशीराम आला. केरबाबरोबर रुळावर जन्म काढलेला, आता नजर अधू झालेला. त्यानं लांबून भिंत बघितली, कावेचे पट्टे बघितले, मोठी अक्षरं बघितली आणि रस्त्यावरूनच ओरडला, “केरबा, लेका! न सांगता? कंच्या गावाला दिली पोरगी?”

प्रतीक्षानं धुवायला घेतलेला ब्रश पाण्यात तसाच सोडला. केरबा उठला, टोपी नीट केली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “कंच्याच न्हाई. आमची पोरगी हितंच ऱ्हानार हाय, म्हनून भिंत रंगवली.”

हौशीराम जवळ येऊन डोळे बारीक करून चित्र बघू लागला.

“आन्‌ हात लावू नगंस,” केरबा म्हणाला. “वलं हाय आजून.”